भरलेली जागा

१

बैलगाडी हाकणाऱ्याला स्वतःला कुठे पोचायचं नसतं, म्हणून दुसऱ्या कोणाला पोचायचं असेल हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. अकोल्यात वकिली सुरू केल्यापासून माझं हे मत आहे, आणि ते बदलावं असं अजूनही मला वाटत नाही.

माझं घर पातूर रस्त्यावर, गावाबाहेर. कोर्ट मोर्णा नदीच्या पुलापलीकडे. एरवी पान खाऊन संपायच्या आत कापता येईल एवढंच अंतर. पण दिवाळी आटोपली, कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, की तोच रस्ता नकोसा व्हायचा. बाजाराच्या फाटकापासून गाड्यांची ओळ लागायची ती पूल ओलांडून, माझ्या घरावरून पार पुढच्या बाभळींपर्यंत. शिवाय एक ओळ नव्हे, दोन. फाटकवाला एक गाडी डाव्या ओळीतली घ्यायचा, एक उजव्या ओळीतली. हा न्याय कोणी काढला होता कोण जाणे. गाडीवानांना मात्र तो वेदवाक्य होता.

त्या ओळीत काय चालायचं ते मी रोज पाहत होतो. कोणी कापसावर पाणी शिंपडतोय, वजन वाढावं म्हणून. कोणी गाडीखाली तीन दगड मांडून पिठलं शिजवतोय. बाकीचे झोपलेले. पुढची गाडी सरकली की बैल आपले आपण सरकायचे आणि मालक घोरत घोरत कासराभर पुढे जायचा. बैल शहाणे होते, एवढं मी मान्य करतो.

मी बुलेट घेतली ती याच कारणाने. तेव्हा वकिलांच्या अख्ख्या बारमध्ये तशी गाडी माझ्याकडेच होती. लोक तिला फटफटी म्हणत. त्या दोन ओळींच्या मधे एक अरुंद वाट राहायची. एका हाताला बैलांची शिंगं, दुसऱ्या हाताला चाकांतून बाहेर आलेली आखाची टोकं. त्या फटीतून मी बुलेट घालायचो आणि वेग कमी करायचो नाही. बैल बुजायचे, माणसं दचकून उठायची आणि मागून शिव्या यायच्या. शिव्या ऐकू येईपर्यंत मी पुलावर असायचो.

कधी कधी मागे माझा मेहुणा उद्धव असायचा. तहसील कचेरीत नुकताच लागला होता. रमा, माझी बायको, त्याची सख्खी बहीण. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. रमाने त्याला मांडीवर वाढवला आणि लग्नानंतर सोबत घेऊन आली. तिचा सगळा जीव त्याच्यात. पोरगा भित्रा होता. मी त्याला बुलेट शिकवली, आणि त्या फटीतून घालायलाही शिकवली.

"फट दिसली की घुसायचं," मी त्याला सांगायचो. "विचार करणारा मागे राहतो, उद्धव."

"हो भाऊजी," तो म्हणायचा आणि माझा कोट घट्ट धरायचा.

२

मार्गशीर्षातली सकाळ होती. मी फटीतून चाललो होतो आणि समोरून पातूरला जाणारी एसटी आली. अशा वेळी गाडीवान आरडाओरडा करत गाड्या कडेला ओढतात आणि एसटी दोन्हीकडे घासत जाते. मधल्या माणसाचं काय व्हायचं ते होवो. पण त्या दिवशी डाव्या ओळीत मला एक मोकळी जागा दिसली. एक गाडी मावेल एवढी. मी सरळ तिच्यात घुसलो.

एसटी गेली. धूळ खाली बसली. आणि मग मला नवल वाटलं. हातभर जागेसाठी एकमेकांची आय-माय काढणारे हे लोक, त्यांनी एवढी जागा मोकळी सोडली कशी? मागच्या गाडीचे बैल जागेच्या काठावर उभे होते. पाय पुढे टाकत नव्हते. त्यातल्या पांढऱ्याने मान लांब करून माझ्या खांद्याजवळ तोंड आणलं आणि हवेतून काहीतरी ओढलं. पुढच्या गाडीतला कडबा ओढतात तसं. मग तो रवंथ करायला लागला. बैलाच्या तोंडात काय होतं ते मला दिसलं नाही. मागचं काही असेल.

मागच्या गाडीवर शालिकराम होता. भाड्याने गाडी चालवायचा, त्यामुळे जवळजवळ रोज ओळीत असायचाच. तंबाखू मागण्यापलीकडे त्याचा कोणाशी संबंध नसे. तो मला म्हणाला, "सायेब, तठी थांबू नोका. भरेल जागा हाये थे."

मी आजूबाजूला पाहिलं. भरलेली म्हणे. धुळीशिवाय तिथे काही नव्हतं. नाही, एक गोष्ट होती. माझ्या पुढच्या चाकाखाली एक फडकं होतं. त्यात बांधलेली भाकर चाकाने चेपली होती आणि ठेचा बाहेर आला होता. पलीकडे रस्त्याकडेच्या बाभळीखाली एक बाई उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या डोक्याच्या थोडं वर, गाडीच्या बैठकीवर माणूस बसतो तेवढ्या उंचीवर पाहत होती.

मी शालिकरामकडे बघून हसलो आणि निघालो. कोर्टात कोट काढला तर पाठीवर कापूस चिकटलेला होता. वर भरलेल्या गाडीखालून गेल्यासारखा. मी झटकून टाकला.

३

माझे मुन्शी खुशालराव यांना गावातलं सगळं माहीत असायचं, फक्त उद्याची तारीख सोडून. त्यांना विचारलं तर त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. हा माणूस पाणी मागतानाही दाराकडे बघायचा.

त्यांनी सांगितलं ते असं. हंगामाच्या सुरुवातीला पातूरकडचा कोणी जयवंता नावाचा गाडीवान सकाळी ओळीत लागला आणि बैठकीवर बसल्या बसल्या मेला. कोणाला कळलं नाही. पुढची गाडी सरकली की बैल सरकायचे. शेजारचे त्याच्याशी दिवसभर बोलत होते. कोणी चुना मागितला, कोणी कापसाचा भाव विचारला. उत्तर आलं नाही म्हणून त्यांना वाटलं, माणूस घुश्शात आहे. दिवस मावळताना तो फाटकावर पोचला. त्याला नाव विचारलं, तेव्हा कळलं. मेलेल्याचा माल कोण घेणार म्हणून गाडी परत फिरवली. त्या दिवसापासून त्याची जागा सोडतात. सकाळी ओळीच्या शेपटाला एका गाडीची जागा रिकामी धरतात, ती दिवसभर सरकत सरकत फाटकापर्यंत जाते. फाटकवाला तिला आत घेत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेपटाला. भाकर ठेवणारी बाई त्याची बायको, केशरबाई.

"असं किती दिवस चालणार?" मी विचारलं.

"त्याची जागा दुसरं कोणी घेईपर्यंत म्हणतात, साहेब."

मी बाररूममध्ये हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मेलेला माणूस दिवसभर गप्प बसला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, यावरूनच या लोकांच्या गप्पा कितपत कामाच्या असतात ते कळतं, असं मी म्हणालो. ते वाक्य पुढे बरेच दिवस बारमध्ये फिरत होतं.

४

मूर्खपणाला उत्तर दिलं नाही तर तो वाढतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या जागेत शिरलो. समोरून काही येत नव्हतं. शिरलो, बुलेट बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि तिच्यावर बसून सिगरेट पेटवली. भाकरीवर चाक पुन्हा गेलं असेल, मी खाली पाहिलं नाही.

शालिकराम नुसता दुसरीकडे तोंड करून थुंकला.

सिगरेट अर्धी झाली असेल. पुढची गाडी सरकली आणि माझी बुलेटही सरकली.

मी पाय टेकले. बुटांच्या टाचा धुळीत घासत गेल्या. इंजिन बंद होतं आणि तरी बुलेट पुढच्या गाडीच्या चालीने, बैलाच्या पावलाने पुढे चालली होती. माझ्या बुडाखालून आखाची कुरकुर ऐकू आली. समोरून, जिथे हँडल होतं त्याच्याही पुढून, घुंगरं वाजली. मग पुढची गाडी थांबली आणि आम्ही थांबलो. आम्ही म्हणजे मी.

पुलाकडे उतार असणार, मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूने कोणीतरी खाली उतरलं. मला त्याची पाठच दिसली. खांद्यावर घोंगडी, गुडघ्यापर्यंत धोतर. दिवसभर बसून पाय आखडलेल्या माणसासारखा तो क्षणभर वाकून उभा राहिला. धोतरावरचा, बाह्यांवरचा कापूस त्याने दोन्ही हातांनी सावकाश झटकला. मग तो ओळीच्या कडेकडेने, उलट्या दिशेला, पातूरच्या वाटेने चालू लागला. मागे वळून पाहिलं नाही. बाभळीखाली केशरबाई उभी होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि त्याच्यामागे चालू लागली. मागच्या ओळीतला एकही बैल त्याला बुजला नाही.

मी किल्ली लावून बुलेटला लाथ मारली. सुरू झाली. बाहेर काढताना मात्र हँडल इतकं जड लागलं की घाम फुटला.

संध्याकाळी घरी येताना मी मुद्दाम थांबून रस्ता पाहिला. पुलाकडे उतार नाही, चढ आहे.

५

दुसऱ्या दिवसापासून केशरबाई दिसली नाही. ब्याद गेली असं मी म्हणालो.

शिव्याही बंद झाल्या. मी फटीतून जायचो आणि दोन्ही ओळी गप्प. आता कळलं यांना कोणाशी गाठ आहे, असं मला पहिले काही दिवस वाटलं. मग एकदा कोणीतरी मला हाक मारली आणि विचारलं, "कोन्या गावचा कापूस, भाऊ?" मला. काळा कोट घातलेल्या माणसाला. मी उत्तर दिलं नाही. तो शेजाऱ्याला म्हणाला, "घुश्शात हाये."

कोर्टात मी उशिरा पोचू लागलो. घरून वेळेवर निघायचो, वाटेत कुठे थांबल्याचं आठवत नसे, आणि पोचायचो तेव्हा उन्हं उतरलेली असायची. खुशालराव तारखा मागून घ्यायचे आणि दाराकडे बघायचे. कार्बोरेटर खराब असेल, घड्याळ मागे पडत असेल, पित्त झालं असेल. ही सगळी कारणं मी तपासली. वकील माणूस पुराव्याशिवाय काही मानत नाही. कोटाच्या बाह्यांत मात्र रोज कापूस सापडायचा.

एका सकाळी निघताना रमाने माझ्या हातात फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर ठेवली.

"हे काय?"

"तुम्हीच तर सांगितलं, ओळीत बसावं लागते दिवसभर, भूक लागते," ती म्हणाली. "रात्री झोपेत नाही, जागे होते. माझ्याकडे पाहून सांगितलं."

मी तिच्यावर ओरडलो. बायकांना काहीही ऐकू येतं असं म्हणालो. मग भाकर घेतली. का घेतली ते मला सांगता येत नाही. दुपारी ती माझ्या हातात होती आणि मी खात होतो. माझ्यासमोर कापसाने भरलेल्या गाडीची पाठ होती, मागे एक पांढरा बैल श्वास सोडत होता, आणि बुलेट कुठेच दिसत नव्हती.

घरी परत आलो तर ती अंगणात उभी होती. उद्धव तिला पुसत होता. दोन दिवसांपासून तीच चालवतोय असं तो रमाला सांगत होता. माझ्याशी बोलला नाही.

६

मी दुसऱ्या रस्त्याने जाऊन पाहिलं. चालत जाऊन पाहिलं. घरातच बसून पाहिलं. घरात बसलो तर दुपारपर्यंत आरामखुर्ची कुरकुरायला लागली आणि थोडी थोडी पुढे सरकू लागली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पूल समोर होता.

दिवस मावळताना फाटक येतं. फाटकवाला हातात कंदील घेऊन डाव्या ओळीकडे बघतो, मग उजव्या ओळीकडे. माझ्या जागेवरून त्याची नजर पुढे जाते. मी नाव सांगतो. ॲडव्होकेट हरिहर, पातूर रस्ता. मोठ्याने सांगतो, कोर्टात सांगतो तसं. तो मागच्या गाडीला हात करतो.

"येऊ दे रे शालिकराम," तो म्हणतो.

शालिकराम मला वळसा घालून आत जातो. जाताना एकदाच थांबला होता. बैठकीवरून खाली न बघता म्हणाला, "मी सांगतलं होतं तुमाले. आता दुसरा बसल्याबिगर सुटका नाई. तंबाखू हाये का?"

कसली माणसं ही. सांगतलं होतं म्हणे. असं अर्धवट, तोंड फिरवून सांगतात का? वकिलाला समजेल अशा भाषेत सांगायला काय झालं होतं?

फाटक बंद झालं की मी घरी जात असे, निदान सुरुवातीला. एका संध्याकाळी पोचलो तर रमा पानं वाढत होती. दोनच होती, तिचं आणि उद्धवचं. माझ्या पाटाजवळ फडक्यात बांधलेली भाकर होती, सकाळसाठी. मी दारात उभा राहून तिला हाक मारली. ती भात वाढत राहिली. उद्धव म्हणाला, "ताई, असं किती दिवस ठेवणार?" ती म्हणाली, "ते येतपर्यंत." तेव्हा मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, मी तिथे उंबऱ्यावर बसून रडलो. त्यानंतर मी घरी गेलो नाही.

आता ती रोज सकाळी बाभळीखाली येते. वाकून भाकर ठेवते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघते. बरोबर माझ्याच चेहऱ्याकडे, पण तिला तो दिसत नाही हे तिच्या डोळ्यांवरून कळतं. या बाईला ओळीतल्या अडाण्यांनी हे शिकवलं. माझ्या घरात बायकांनी असले प्रकार कधी केले नव्हते.

७

ओळ थांबली आहे तेवढ्यात सांगून टाकतो.

शिमगा जवळ आलाय. गाड्या कमी व्हायला लागतील. मग ओळच राहणार नाही, आणि जागाही राहणार नाही, आणि जागेत बसलेला माणूस कुठे असेल ते खुशालरावांनाही माहीत नसेल. शेजारचा गाडीवान सकाळपासून मला भाव विचारतोय. मी उत्तर देत नाही. यांच्याशी बोलायला मी काही यांच्यातला झालेलो नाही.

उद्धव आता रोज बुलेटवर कचेरीत जातो. याच फटीतून. भित्रा राहिला नाही. परवा शालिकरामने त्याला हटकलं, त्या जागेत नोका जाऊ, भरेल हाये थे. उद्धव हसला. ते हसू माझं होतं. ओठाचा एक कोपरा वर करून, मान मागे टाकून. मी शिकवलं नव्हतं, त्याने उचललं. काल समोरून एसटी आली तेव्हा तो अर्धा आत शिरला होता. त्याचं पुढचं चाक माझ्या गुडघ्याला टेकलं. मी ओरडलो, उद्धव, जा बाहेर. खरंच ओरडलो. त्याने नुसता कोट झटकला आणि गेला.

रात्रभर मी विचार केला. विचार करणारा मागे राहतो, हे मीच म्हणायचो.

आता ऊन चढलंय. रमा बाभळीखाली उभी आहे. भाकर ठेवून झाली तरी आज ती परत गेलेली नाही, रस्त्यावर आमच्या घराच्या दिशेला बघते आहे. तिकडून बुलेटचा आवाज येतोय. माझीच बुलेट, दुसऱ्या गिअरमध्ये किंचित अडखळते. बैल बुजतायत, माणसं उठून शिव्या देतायत. वेग कमी करत नाही बेटा. आणि पुलाकडून पातूरची एसटी येते आहे. दोन्ही बाजूंचे गाडीवान कासरे ओढून गाड्या कडेला घेतायत.

रमा ओरडली, "उद्धव, हळू." तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मूर्ख आहे. फट दिसली की घुसणार. रोज या रस्त्याने जातो आणि रोज त्याच्या बहिणीने ठेवलेली भाकर बघतो, तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. अशा माणसाला कोण काय सांगणार? आणि सांगितलेलं त्याला ऐकू येणार आहे का?

एसटीने भोंगा वाजवला. उद्धवने मान वळवून जागा पाहिली.

मी बैठकीच्या एका कडेला सरकलो. पाय आखडले होते. खाली उतरून क्षणभर वाकून उभा राहिलो, आणि कोटाच्या बाह्यांवरचा कापूस झटकायला लागलो.